स्वरयंत्राच्या खाली

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ रुग्णाला आ करायला लावतात, जीभ बाहेर काढायला सांगतात, मान मागे झुकते का ते पाहतात, हनुवटी आणि गळ्याची घाटी यांच्यात किती बोटं मावतात ते मोजतात. नातेवाइकांना हा सगळा ‘फिटनेस’चा सोपस्कार वाटतो. पण त्यातून भूलतज्ज्ञ एका महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर शोधत असतात. भूल दिल्यावर या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणं सोपं जाईल की जड? तोंड उघडून घसा किती दिसतो त्यावरून अंदाज बांधायची पद्धत भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ शेषगिरी राव मल्लमपती यांनी बोस्टनमध्ये २१० रुग्ण तपासून १९८५ साली मांडली, आणि आज जगातल्या कुठल्याही शस्त्रक्रियागृहात त्यांचं आडनाव रोज घेतलं जातं. त्याच्या आदल्याच वर्षी कॉरमॅक आणि लेहेन यांनी लॅरिंगोस्कोप घातल्यावर स्वररज्जू किती दिसतात याच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या. दोन्ही मोजमापं उपयुक्त आहेत आणि दोन्ही दिसण्याची आहेत. स्वररज्जू दिसले की नळी जाणार, हे त्यांत गृहीत धरलेलं आहे. श्वासनलिकेच्या दुर्मीळ आजारांत नेमकं हे गृहीतक कोसळतं. माझं म्हणणं त्याहून थोडं पुढचं आहे: अशा रुग्णांत अडचणीचा अंदाज बांधायची साधनं चुकीच्या जागी पाहतातच, पण अडचण आल्यावर वाचवायची साधनंही चुकीच्या जागी काम करतात. म्हणून या रुग्णांची सुरक्षितता कुठल्या नव्या उपकरणापेक्षा भूल देण्यापूर्वीच्या विचारावर जास्त अवलंबून असते.

प्रौढ माणसाची श्वासनलिका दहा ते बारा सेंटिमीटर लांब असते. स्वरयंत्राखाली सुरू होऊन ती छातीच्या हाडामागे उतरते आणि तिथे दुभंगते. कूर्चेच्या सोळा ते वीस कमानी तिला उघडं धरून ठेवतात. या कमानी पाठीमागच्या बाजूला अपुऱ्या असतात आणि तिथे स्नायूचा मऊ पडदा असतो. नळीला ताठपणा आणि लवचीकपणा दोन्ही देणारी ही रचना आहे. तिचा व्यास साधारण दीड ते दोन सेंटिमीटर. आता भूलतज्ज्ञांच्या हातातली नळी पाहा. तिच्यावर छापलेला आकडा आतल्या पोकळीचा असतो. ‘सात नंबर’ची नळी बाहेरून मोजली तर साडेनऊ ते दहा मिलिमीटर भरते. निरोगी श्वासनलिकेत ती आरामात मावते. पण श्वासनलिका आक्रसत गेली, तर जिना चढताना धाप लागणं साधारण आठ मिलिमीटरच्या आसपास सुरू होतं, आणि बसल्या जागी शिट्टीसारखा आवाज यायला ती पाच मिलिमीटरपर्यंत यावी लागते. म्हणजे चालत आलेला, व्यवस्थित बोलणारा, ‘थोडा दम लागतो’ एवढीच तक्रार सांगणारा माणूस असा असू शकतो, की ज्याच्या श्वासनलिकेत नेहमीची नळी शिरणारच नाही. त्याचा घसा मल्लमपतींच्या पहिल्या वर्गातला असेल, स्वररज्जू लख्ख दिसतील, नळी त्यांच्यामधून पार होईल आणि दोन सेंटिमीटरवर अडेल.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ट्रॅकिओब्रॉन्कोपॅथिया ऑस्टिओकाँड्रोप्लास्टिका. नाव जिभेला वेढे घालणारं, आजार मात्र निरुपद्रवी म्हणावा असा. श्वासनलिकेच्या अस्तराखाली हाडाच्या आणि कूर्चेच्या बारीक गाठी उगवतात, काही मिलिमीटरच्या, कधी विखुरलेल्या, कधी दाटीवाटीने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वैद्यकाला त्या ठाऊक आहेत. रोकिटान्स्की आणि विल्क्स यांनी १८५५ ते १८५७ च्या दरम्यान त्यांची वर्णनं केली. गाठी फक्त पुढच्या आणि बाजूच्या भिंतींवर येतात, कारण कूर्चा तिथेच असते; मागचा मऊ पडदा सुटतो. बहुतेक रुग्ण पन्नाशी ओलांडलेले असतात आणि त्यांतल्या कित्येकांना आयुष्यभर पत्ता नसतो. थोडा कोरडा खोकला, क्वचित थुंकीत रक्त, बस. पूर्वी हा आजार मुख्यतः शवविच्छेदनात सापडायचा. आता तो बऱ्याचदा सापडतो तो भलत्याच शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर, नळी खाली सरकेना म्हणून. गाठीवर नळीचं टोक अडतं, जोर केला तर रक्त येतं, टोकाजवळचा फुगा गाठींवर घासून फाटतो आणि मग हवा गळते. उपाय सांगायला साधा आहे: जोर करायचा नाही, लहान नळी घ्यायची, ती हळुवार फिरवत, शक्य तर आतून दुर्बिणीने पाहत पुढे न्यायची. पण ‘जोर करायचा नाही’ हे सुचायला अडथळ्याचा अर्थ कळावा लागतो, आणि स्वररज्जू स्पष्ट दिसत असताना अडलेल्या नळीचा अर्थ लावायला शिक्षणात फारसं काही दिलेलं नसतं. नळी चुकीची, कोन चुकीचा, हात चुकीचा, अशा शंका आधी येतात. श्वासनलिकाच वेगळी असेल ही शंका शेवटी.

अरुंदपणाच नेहमी शत्रू असतो असंही नाही. फ्रेंच वैद्य मूनिए-कून यांनी १९३२ साली उलट्या प्रकारचा आजार वर्णन केला: भिंतीतले लवचीक तंतू आणि स्नायू क्षीण झाल्यामुळे श्वासनलिका भलतीच रुंद होते, तीन सेंटिमीटरच्याही पुढे. नळी घालणं इथे सोपं असतं, आणि तीच फसगत. नळीच्या टोकाचा फुगा भिंतीला टेकतच नाही. फुप्फुसात जायची हवा बाजूने परत येते आणि पोटातलं पाणी फुप्फुसात उतरायला वाट मोकळी राहते. फुगा आणखी फुगवावा, तर आधीच दुबळी भिंत आणखी ताणली जाते. सर्वांत मोठी नळी घेणं, घशात ओल्या गॉजची पट्टी भरणं, शक्य असेल तर नळीचा मार्गच टाळून शरीराचा तेवढा भाग बधिर करून शस्त्रक्रिया करणं, असे तडजोडीचे उपाय उरतात. शिवाय ही सैल भिंत उच्छ्वासाच्या वेळी आत कोसळते, त्यामुळे शस्त्रक्रिया नीट पार पडली तरी नंतरच्या खोकल्यात कफ बाहेर पडत नाही. ‘नळी गेली’ म्हणजे ‘मार्ग सुरक्षित झाला’ नव्हे, हे या आजारात जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

अडचण आल्यावर काय, याचं उत्तर सगळ्या मार्गदर्शिकांत जवळपास सारखं आहे. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीची २०१५ ची मार्गदर्शिका घ्या की आपल्याकडच्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची २०१६ ची, पायऱ्या ओळखीच्या आहेत. नळी जात नसेल तर घशात बसणारा लॅरिंजियल मास्क, तो जमला नाही तर तोंडावरच्या मास्कने श्वास, आणि काहीच चालेना तर गळ्यावर घाटीच्या खाली छेद घेऊन थेट वाट. ही शेवटची पायरी म्हणजे सगळ्या साखळीचा विमा. ब्रिटनमध्ये २००८-०९ या वर्षातल्या गंभीर प्रसंगांची देशभर नोंद घेतली गेली, तिचा अहवाल २०११ साली आला. वर्षाला सुमारे २९ लाख वेळा पूर्ण भूल दिली जाते असा हिशोब होता. त्यांत भुलीशी निगडित १३३ गंभीर प्रसंग आणि १६ मृत्यू नोंदले गेले. भूलतज्ज्ञांनी गळ्यात सुई घालून केलेले तातडीचे प्रयत्न सुमारे ६० टक्के वेळा फसले, असंही त्यात निघालं. हे सर्व रुग्णांचं चित्र आहे. आता अडथळा छातीच्या हाडामागे, दुभंगाच्या जरा वर आहे अशी कल्पना करा. गळ्यावरचा छेद कितीही सफाईने घेतला तरी तो अडथळ्याच्या वरच राहतो. लॅरिंजियल मास्कही वरच, तोंडावरचा मास्कही वरच. साखळीची प्रत्येक कडी अडथळा स्वरयंत्रापाशी किंवा त्याच्या वर आहे असं धरून बनवलेली आहे. इथे विम्याची पॉलिसी हातात असते, पण नेमकी ही जोखीम तिच्यात बसत नाही.

भूल स्वतःच परिस्थिती बदलते, हा त्यातला आणखी एक पेच. जागेपणी आपण श्वास ओढतो तेव्हा छातीत ऋण दाब तयार होतो आणि छातीतली श्वासनलिका बाहेरच्या बाजूला ओढली जाऊन उघडी राहते. म्हणूनच छातीतला सैलपणा उच्छ्वासात त्रास देतो आणि मानेतला अडथळा श्वास घेताना. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं, यंत्राने हवा ढकलायला सुरुवात केली, की हा ताण नाहीसा होतो, छातीचे स्नायू ढिले पडतात आणि जागेपणी कशीबशी उघडी असलेली नळी मिटू शकते. त्यामुळे ‘रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू ठेवा’ हा जुना दंडक आला. तो सरसकट खरा नाही, हे मात्र मान्य करायला हवं. श्वासनलिका कडक होऊन अरुंद झाली असेल, तर खोकल्याची उबळ आणि धडपड थांबवून, स्नायू शिथिल करून, शल्यविशारदाच्या हातातल्या ताठ ब्रॉन्कोस्कोपने वाट काढणं अनेकदा अधिक सुरक्षित ठरतं. लवचीक दुर्बिणीवरून नळी घालण्याची पद्धत १९६७ साली लंडनमध्ये पीटर मर्फी यांनी सुरू केली आणि अवघड मार्गासाठी ती जागेपणी वापरणं हा आजही अनेकांचा पहिला पर्याय आहे. पण पाच मिलिमीटरच्या वाटेत चार-पाच मिलिमीटरची दुर्बीण घातली, तर बाटलीला बूच बसावं तसं होतं आणि जागा रुग्ण डोळ्यांसमोर गुदमरतो. तेव्हा दंडकापेक्षा भेद महत्त्वाचा आहे: वाट कडक आणि अरुंद आहे की सैल आणि मिटणारी? कितव्या सेंटिमीटरवर? किती लांब? ही उत्तरं भूल दिल्यावर मिळत नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. हे आजार लाखांत एखाद्याला होणारे. त्यांच्यासाठी प्रत्येक रुग्णाचा सीटी स्कॅन काढायचा का? आपल्या तालुका रुग्णालयांत कुठे ते परवडणार? आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे, सगळ्यांचा सीटी स्कॅन हा शुद्ध अपव्यय होईल. पण दुर्मीळपणाचा हिशोब एकेका नावाने केला की चुकतो. हाडाच्या गाठी दुर्मीळ, मूनिए-कून दुर्मीळ. कूर्चांचा वारंवार दाह होणारा रिलॅप्सिंग पॉलिकाँड्रायटिस दुर्मीळ. रक्तवाहिन्यांच्या दाहात स्वरयंत्राखाली येणारा अरुंदपणा दुर्मीळ. मध्यमवयीन स्त्रियांतच जवळजवळ आढळणारं, कारण न सापडलेलं तिथलंच आकुंचन दुर्मीळ. नाकापासून श्वासनलिकेपर्यंत उतरणारा आणि भारतात अजून दिसणारा स्क्लेरोमा दुर्मीळ. क्षयाचा व्रण भरताना आक्रसलेली श्वासनलिका आपल्याकडे तितकीही दुर्मीळ नाही. भूलतज्ज्ञांच्या दृष्टीने हे सगळे एकाच दारातून येतात. आणि त्यांत माणसाने स्वतः निर्माण केलेला आजार मिळवायला हवा. १९५२ च्या कोपनहेगनच्या पोलिओ साथीनंतर रुग्णांना दिवसेंदिवस नळीवर ठेवून श्वास देण्याची पद्धत रुळली, आणि मागोमाग वाचलेल्या रुग्णांच्या श्वासनलिका आक्रसू लागल्या. बोस्टनमध्ये कूपर आणि ग्रिलो यांनी १९६९ साली दाखवलं की नळीचा फुगा जिथे भिंतीला दाबतो तिथे रक्तपुरवठा तुटतो, भिंत मरते आणि व्रण भरताना ती आवळली जाते. त्यानंतर कमी दाबाचे मोठे फुगे आले, दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या वर जाऊ द्यायचा नाही हा नियम आला आणि प्रमाण घटलं, संपलं नाही. करोनाच्या लाटांत आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहिलेले लोक आपल्यात आहेत. त्यांतल्या कुणाला घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दम लागू लागला, तर तो ‘करोनाचा अशक्तपणा’ किंवा ‘दमा’ म्हणून खपून जाणं सहज शक्य आहे.

म्हणून उत्तर सरसकट स्कॅन हे नाही, नेमका प्रश्न विचारणं हे आहे. दम्याची औषधं ओढूनही फरक पडत नाही का? आवाज छातीत घुमतो की गळ्यातून येतो? उताणं झोपता येतं का, की एका कुशीवरच बरं वाटतं? पूर्वी कधी व्हेंटिलेटर, कधी गळ्याला छेद? कान लाल होऊन दुखले होते का, आणि तेव्हा पाळी मात्र सुटली होती का? पॉलिकाँड्रायटिसमध्ये कानाचा वरचा भाग सुजतो आणि कूर्चा नसलेली पाळी तेवढी साधी राहते. फुंकून करायच्या तपासणीतही निव्वळ आकडे न पाहता आलेखाचा आकार पाहावा. ठाम अरुंद वाट असेल तर त्याची दोन्ही टोकं चपटी होतात. अर्थात तोवर वाट आठ मिलिमीटरच्या खाली गेलेली असते, त्यामुळे साधा आलेख ही हमी नव्हे. या प्रश्नांना पैसे लागत नाहीत. त्यांतून शंका आली, तर त्या एका माणसाचा सीटी स्कॅन काढायचा. डेन्मार्कमधल्या १ लाख ८८ हजार ०६४ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांत ३,३९१ जणांत नळी घालणं जड गेलं, आणि त्यांतल्या ९३ टक्के रुग्णांबाबत तसा अंदाज आधी केलेला नव्हता. जिथे ‘जड जाईल’ म्हटलं होतं तिथेही ते चारांतल्या एकातच खरं ठरलं. वरून पाहणाऱ्या चाचण्या वरच्याच अडचणीबाबत इतक्या कच्च्या असतील, तर त्यांचा कौल खालच्या अडचणीसाठी पुरेसा मानणं धाडसाचं आहे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आला, आता घसा पडद्यावर दिसतो, मग जुनी भीती कशाला? पण त्याने सोडवलेला प्रश्न पुन्हा दिसण्याचाच आहे, आणि कॅमेरा स्वररज्जूंच्या वर थांबतो. नाकातून जोराने दिलेल्या गरम, दमट ऑक्सिजनची गोष्ट वेगळी आहे. पटेल आणि नुराय यांनी २०१५ साली २५ अवघड रुग्णांत दाखवलं की श्वास बंद असतानाही या पद्धतीने मध्यक १४ मिनिटं, एकात तर ६५ मिनिटं, वेळ मिळाला. हा वेळ खरा आहे आणि मोलाचा आहे. त्याच्यामुळे घाई टळते, घाईतला जोर टळतो. पण ऑक्सिजन खाली पोचायला वाट थोडी तरी उघडी लागते, आणि साचणारा कार्बन डायऑक्साइड त्याने फारसा बाहेर पडत नाही. सगळ्यात शेवटी ‘इकमो आहेच की’ असं म्हटलं जातं. शरीराबाहेरच्या यंत्राने रक्तात ऑक्सिजन मिसळता येतो हे खरं, पण श्वास बंद पडल्यावर यंत्र आणून, जोडून, मांडीच्या रक्तवाहिन्यांत जाड नळ्या घालेपर्यंत मेंदू थांबत नाही. निरोगी प्रौढाला आधी भरपूर ऑक्सिजन दिला असला तरी हाताशी सात-आठ मिनिटं असतात, लहान मुलाला त्याच्या निम्मीच. इकमोचा उपयोग व्हायचा तर भूल देण्यापूर्वी, रुग्ण जागा असताना नळ्या घालाव्या लागतात. म्हणजे हे साधनसुद्धा आधी ठरवलेलं असेल तरच कामाला येतं.

लहान मुलांत हा सगळा हिशोब अधिक निर्दय होतो. वायूचा प्रवाह शांतपणे चालला असेल तर त्रिज्या घटेल तसा अडथळा तिच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. चार मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की वाट निम्मी उरते आणि श्वासाला सोळापट जोर लागतो. आठ मिलिमीटरच्या वाटेत तेवढ्याच सुजेने सुमारे तिपटीवर निभावतं. काही बाळांत कमानींऐवजी कूर्चेची पूर्ण कडी असतात, मागचा मऊ पडदाच नसतो, आणि वाट दोन-तीन मिलिमीटरची असते. अडीच नंबरची नळीसुद्धा बाहेरून साडेतीनच्या आसपास असते. ती रेटली तर सूज येते आणि उरलीसुरली वाट जाते. म्हणून टोक अरुंद भागाच्या वर ठेवून तिथूनच हवा द्यायची, एवढंच शहाणपण हाती असतं. कायमचा उपाय लंडनमध्ये १९८९ साली निघाला. अरुंद भाग मधोमध आडवा कापायचा, एक तुकडा पुढून आणि दुसरा मागून उभा चिरायचा, आणि दोन्ही एकमेकांवर सरकवून शिवायचे. लांबी निम्मी होते, घेर दुप्पट, वाटेचं क्षेत्रफळ चौपट. भूमितीने केलेली इतकी देखणी शस्त्रक्रिया विरळाच.

आणि मग नियमांना उलटं टांगणारी ती अत्यंत दुर्मीळ बाळं, ज्यांच्यात श्वासनलिका तयारच झालेली नसते. बाळ जन्मतं, रडण्याची धडपड करतं, आवाज येत नाही. स्वररज्जू दिसतात, नळी पुढे जात नाही. गळ्याला छेद द्यावा तर खाली नळीच सापडत नाही. भूलशास्त्रात अन्ननलिकेत गेलेली नळी ही अक्षम्य चूक. ती तत्काळ काढायची हा पहिला धडा. इथे मात्र फुप्फुसांकडे जाणारी वाट बहुधा अन्ननलिकेतूनच फुटलेली असते, आणि अन्ननलिकेत घातलेल्या नळीतून बाळाला तात्पुरता श्वास देता येतो. त्यापुढचं भवितव्य फार थोड्या बाळांत आशादायक असतं. पण ती मिनिटं मिळतात ती छाती वर येते आहे, श्वासात कार्बन डायऑक्साइड दिसतो आहे, याकडे लक्ष दिल्यामुळे. नळी कुठे असायला हवी याच्या पाठांतरामुळे नव्हे.

राहता राहिला नळी काढण्याचा प्रसंग, ज्याबद्दल पाठ्यपुस्तकं नेहमीच कमी बोलतात. सैल श्वासनलिकेला आत घातलेली नळीच आधार देत असते. ती काढली की भिंत पुन्हा मिटू शकते. अरुंद वाटेत घासलेलं अस्तर पुढच्या काही तासांत सुजतं. म्हणून अशा रुग्णाला पूर्ण जागं होऊ द्यावं, रात्र अतिदक्षता विभागात काढू द्यावी, आणि पुन्हा नळी घालावी लागली तर कोण घालणार हे आधी ठरवावं. त्याला घरी पाठवताना एक कागदही द्यावा. ब्रिटनमध्ये असं सूचनापत्र देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘भूल: जीए’, म्हणजे पूर्ण भूल, एवढंच असतं. त्या कागदावर आजाराचं नाव, अडथळा स्वररज्जूंपासून किती सेंटिमीटरवर आणि किती लांब, कितव्या नंबरची नळी गेली आणि कितव्या नंबरची गेली नाही, मास्कने श्वास देता आला की नाही, एवढं हवं. त्याच्याबरोबर सीटी स्कॅनची सीडी. पुढच्या वेळी तो रुग्ण अपघात होऊन रात्री दोन वाजता वेगळ्याच गावातल्या रुग्णालयात पोचला, तर तिथल्या भूलतज्ज्ञांना हीच माहिती पहिल्यांदा लागेल.